सातव्या ओळीची बोट

आमच्या रेवदंड्यात ‘एकवीरा’ नावाच्या बोटी मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. म्हणून आम्ही नावाऐवजी यादीतल्या नंबरानं बोलतो. ही सवय मीच लावली, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून. आता सगळे सुचिताला बोल लावतात, त्याचा मला संताप येतो.

सुचिता मांडव्याहून लाँचनं मुंबईला जायची, सॉफ्टवेअर लिहायला. अनेकांनी एकाच वेळी एकच कागद लिहायचा, असलं तिचं काम. तिनं मला एकदा समजावलं होतं, “काका, तुम्ही सातवी ओळ खोडताय आणि त्याच क्षणी कुणी वर नवी ओळ घातली, तर तुमची सातवी आठवी होते. मशीन ते ओळखतं आणि तुमचं खोडणं आठवीवर सरकवतं. नाहीतर भलतंच खोडलं जाईल.” वादळात समुद्रात राहिलेल्या बोटींची यादी तिनं त्याच पद्धतीनं करून दिली. बोटीचं नाव, पुढे तांडेलाचं, म्हणजे ती चालवणाऱ्याचं. शोधपथकही तीच यादी बघायचं.

गेल्या ऑक्टोबरातल्या वादळात, भर दुपारी, ती सोसायटीत लॅपटॉप घेऊन बसली होती. परतलेल्या बोटी बघायला धक्क्यावर भागोजी होता. त्याला मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी यादी छापून दिली. शहाणपणा माझाच. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, “सात नंबर आली गो, काढ.” सुचितानं सातवी ओळ काढली.

पण पाचच मिनिटांपूर्वी शेजारच्या गावातून, तिथल्या बोटी भरणाऱ्या जयमालानं तिसऱ्या ओळीवर एक बोट घातली होती. कागदावरची सहावी पडद्यावर सातवी झाली होती आणि सातवी आठवी. मशीननं आपलं काम चोख केलं. भागोजीच्या हातातल्या कागदावरचे नंबर मात्र कुणी सरकवणार नव्हतं. खोडली गेली ती नामाची होडी. नामा एकटाच जायचा. शोधपथक अंधार पडेपर्यंत धक्क्याला बांधलेली बोट शोधत राहिलं आणि नामाला कुणी शोधलंच नाही. तिसऱ्या दिवशी तो खडकांत सापडला.

लोक म्हणाले, कॉम्प्युटरनं खाल्ला. सुचितानं ते ऐकून घेतलं नाही. ती सरळ नामाच्या आईकडे, ठमाबाईकडे गेली. मीही मागोमाग गेलो.

“मावशी, मशीनचं नाही चुकलं, माझं चुकलं. फोनवरचा नंबर जुन्या कागदावरचा असेल, हे मला सुचायला हवं होतं. तेवढंच तर मला येतं.”

कागद मी दिला होता, असं मी मध्येच म्हणालो. ठमाबाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

“नामा तुज्या वर्गात व्हता ना गो?” तिनं सुचिताला विचारलं.

“हो.”

“मंग खोडलंस तवा त्याचं नाव वाचलं न्हाय?”

“वाचलं,” सुचिता म्हणाली. “मला वाटलं, आला. मला आनंद झाला, मावशी.”