होडी येईपर्यंत

देवबागेतली आमची शेजारीण सत्यवती जाड झाली, तेव्हा अख्ख्या वाडीने तिला हसून घेतलं. मला हसू आलं नाही, संताप आला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाळू तुडवणारी बाई, तिला चार पावलांत धाप लागायची. रात्री आडवी झाली की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून उजाडायची वाट बघायची. मालवणच्या डॉक्टरांनी बजावलं, "दिवेलागणीला जेवायचं आणि मग तोंड बंद. वजन उतरलं नाही तर छाती दगा देईल."

पण घरात सासू होती, कृष्णाबाई. नवरा दर्यात असताना बायको भात जेवली की होडीला अपशकुन, हा तिचा कायदा. भात सोडून बाकी सगळं चालायचं, हे त्यातलं शहाणपण! मग सत्यवती संध्याकाळभर खाजं, चुरमुरे, गूळखोबरं चरत बसायची. वर नवरा, काशीराम, अपरात्री दर्यावरून आला की त्याच्या सोबतीला ताटभर भात. अशाने झोप कुठून लागणार, कपाळ?

एकदा काशीरामाने ताट बाजूला सारलं. "आज नको गो. होडयेर पोटभर जेवलंय."

"होडयेर?"

"रोजच जेवतंय. तू उपाशी रवतंस म्हणान परत पानार बसतंय."

सत्यवतीने भाताचा डाव आपटला. "आणि इतकी वर्सां मिठाची गुळणी धरून बसलंस?"

आवाज आमच्या घरापर्यंत आला. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे विस्तव मागायला गेले, तर दिवा लावून ती सरळ भाताचं ताट घेऊन बसलेली. कृष्णाबाई कडाडली, "घोव दर्यात आणि तू भात गिळतंस?"

"आये, बाबा बुडाले त्या दिसा तुमी जेवलेलास?"

बुडालेल्या सासऱ्याचा विषय निघताच मीसुद्धा दचकले. म्हातारी चुलीपाशी खाली बसली.

"नाय गो," ती म्हणाली. "भात निवलो, तरी वाट बघीत बसलेलंय."

सत्यवतीने दुसरं ताट घेतलं, भात वाढला आणि सासूपुढे ठेवला. "जेवा."

पुढे सत्यवतीचं वजन उतरलं, चोळ्या आत घ्याव्या लागल्या. पण त्या पहिल्या रात्री काशीराम दारात उभा राहून हाका मारमारून दमला. आत दोघी गाढ झोपलेल्या. मी जागी होते. उठले नाही, त्याला ओरडू दिलं.