घोडीचा खूर आणि माझं माहेर

ये गो, अशी जवळ बस. माहेरी येऊन दारातूनच पळतेस, ही कसली रीत?

मी नवी सून असताना आमच्या टांग्याच्या घोडीचा खूर कातळावर ठेचला. पू होऊन खुराला भोक पडलं. सासूबाईंनी त्यावर बिब्ब्याचा चटका दिला, तोंड मिटलं आणि पू आतच कोंडला. नालबंदाने खूर कोरून त्याला वाट केली. म्हणाला, "वहिनी, रोज दोनदा गरम मिठाच्या पाण्यात पाय धरा."

घोडी पाय देई फक्त माझ्या हातात. सासूबाई म्हणाल्या, "मग गौरीला माहेरी कशी जाशील?" बादलीशी बसून मी रडत होते. घोडीने पाय नीट टेकला, तोवर गौरी बोळवून झाल्या होत्या.

तुला कोण अडवतंय? लवकर ये हो राहायला.