गोदाअक्कांची चार मिनिटं

मागच्या रविवारी आम्ही एक फिल्म बघितली... भरीत पार्टीच्या नावाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्र्या ओढून. चोरून दारू प्यायला बसतात ना, तसं. सहासष्टाव्या वर्षी माझ्यावर ही वेळ यावी, याचा संताप अजून उतरलेला नाही.

फिल्म माझ्या भाचीची, रेवतीची. जेमतेम पन्नास मिनिटांची. गिरणाकाठच्या एका गावातली वाळू कशी उपसली गेली आणि मागोमाग विहिरी कशा आटल्या, एवढाच विषय. गाणी नाहीत, नट नाहीत. गावची माणसं अहिराणीत बोलतात आणि नदी दिसते... म्हणजे जिथे नदी होती ती जागा दिसते.

शूटिंग चालू असताना ट्रॅक्टरवाल्यांनी दोनदा तिची स्कूटी रस्त्यावरून खाली ढकलली. एकदा कॅमेरा हिसकावून दगडावर आपटला. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो, तर समोरच्या साहेबांचा प्रश्न, "एकटी मुलगी नदीत जातेच कशाला?" मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. इतका बिनडोक प्रश्न मला पाचवीच्या पोरानेही कधी विचारला नाही.

तरी फिल्म झाली. जळगावात हॉल ठरला. दोन दिवस आधी हॉलवाल्याचा फोन... "मॅडम, वरून सांगितलंय, आधी परवानगी आणा."

परवानगी द्यायला बसलेल्या साहेबांनी एका डोळ्याने मोबाइल आणि एका डोळ्याने फिल्म पाहिली. मग म्हणाले, नदीचं नाव काढा. ट्रॅक्टर पुसट करा. 'अवैध' हा शब्द नको.

"मग उरलं काय?" मी विचारलं.

"पक्षी छान आलेत की!"

उठताना त्यांनी रेवतीकडे पाहिलं आणि मला अगदी मायेनं म्हणाले, "मुलीचं लग्न व्हायचंय ना अजून? सांभाळा."

त्या एका वाक्यानं मी घाबरले. खोटं कशाला बोलू?

घरी येऊन मी रेवतीला म्हटलं, गोदाअक्कांचा भाग काढून टाक. गोदाअक्का त्याच गावच्या, पंचाहत्तरीच्या. त्यांची विहीर सगळ्यात आधी आटली. फिल्ममध्ये त्या चार मिनिटं बोलतात आणि वाळू कोण नेतो, त्याचं नाव घेऊन बोलतात. तेवढं गेलं की बाकीच्याला कोणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब.

"मावशी, तीच तर फिल्म आहे," रेवती म्हणाली. मी म्हटलं, अक्कांनाच त्रास होईल, म्हातारं माणूस आहे. पोर लहानपणापासून माझं ऐकत आली... तेही ऐकलं.

एवढं करून परवानगी आली का? नाही. "फाइल वर गेली आहे," एवढंच उत्तर.

शेवटी रेवतीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी, नानांनी, तोड काढली. त्यांच्या केळीच्या शेतात पॅकिंगची शेड आहे. हिवाळ्यात आपल्याकडे भरीत पार्टीला दोनशे माणूस जमलं तरी कोणी विचारत नाही. बाहेर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि आत पडदा म्हणून चादर लावायची.

गावची माणसं टेम्पो करून आली. गोदाअक्का पहिल्या रांगेत, धुतलेलं लुगडं नेसून. फिल्म संपली, टाळ्या झाल्या. अक्कांनी टाळी वाजवली नाही.

"रेवती, मन्हं बोलनं कथं गयं?"

 रेवतीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी उठले. "अक्का, मी काढायला लावलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"बाई, माले इचारं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. इतक्या दिवसांत एकदाही मनात आलं नाही की विचारावं.

"त्या साहेबनं आडावं, ते समजनं," अक्का म्हणाल्या. "तू तं आपली शे ना?"

मग त्या उठल्या, चादरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ती चार मिनिटं सगळी बोलल्या. विहीर, ट्रॅक्टर, रात्री-अपरात्रीच्या धमक्या... आणि नाव. प्रोजेक्टरचा उजेड तोंडावर, पण डोळे मिटले नाहीत.

नाना घाबरले. "अक्का, नाव नका घेऊ हो!"

"बठ्ठा गावले माहीत शे ते नाव. नाना, तू भरीत खाय."

सगळी शेड हसली. मला हसू आलं नाही. साहेबांवर मी महिनाभर चिडत होते. ते तीन ठिकाणी कात्री लावा म्हणाले होते आणि रेवतीनं एकही लावली नव्हती. फिल्ममधला एकच भाग कापला गेला, आणि तो मी कापायला लावला. कारण सांगितलं काळजीचं. भीती माझी होती.

गुरुवारी रेवतीबरोबर अक्कांच्या गावी गेले. अक्कांच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ती चार मिनिटं त्यांना दाखवली. माफी मागितली. मग विचारलं, हे असंच ठेवू? नाव राहू दे? पुढे काय होऊ शकतं, तेही स्पष्ट सांगितलं.

अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज बारीक येस. मोठा कर."

रेवतीनं केला. काल पूर्ण पन्नास मिनिटांच्या फिल्मचा अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे... या वेळी खाली सही माझी.