पिठावरचं पाऊल

माझ्या घरात माझ्याआधी कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे हे लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. पोथी-पुराणांवर बोलावं एवढा माझा अभ्यास नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चुकलं तर माफ करा. पण हे माझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही, आणि यात एक चूक माझीही आहे.

जळकोटजवळचं आमचं गाव. गावच्या पाटलांचे वडील वारले होते. त्यांच्या दारात मांडव घालून दुपारचं गरुडपुराण लावलं होतं. महाराज वाचायचे. माय आणि मी मांडवाच्या कडेला, चपला सोडतात तिथं बसायचो. मी दहा वर्षांची होते.

त्या दिवशी वैतरणी नदी आली. रक्तापुवाची नदी. ज्यानं गाय दान केली, तो गाईचं शेपूट धरून पार होतो. माय मध्येच बोलली. तिला आवाज खाली ठेवता यायचाच नाही.

"महाराज, जिच्या दारात गायच न्हाई, तिनं काय धरावं?"

महाराजांनी चष्मा वर केला. "पोहायला शिक."

सगळा मांडव हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हशीचं धर की गं! पाटलाची माग." मायही हसली, तोंडाला पदर लावून. घरी येईपर्यंत तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या घरात जमिनीवर पीठ चाळतात. शेजारी दिवा ठेवतात. पिठावर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलायचं. जे पाऊल उमटलं असेल, त्या जन्माला माणूस गेला. पाटलांच्या वडिलांच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं. महाराज म्हणाले होते, मोक्ष.

चार महिन्यांनी माय गेली. कावीळ झाली होती. सोयाबीनची काढणी सुरू होती म्हणून तिनं ती अंगावर काढली.

आमच्या पत्र्याच्या खोलीत पीठ चाळलं. सकाळी महाराज आले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जरा तिरकं सरकलेलं टोपलं उचललं. पिठात दोन ठसे होते. मधून चिरलेल्या खुराचे.

महाराज वाकले आणि लगेच नाकाला उपरणं लावून मागे सरले.

"डुकरीण."

दारात गर्दी होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते पुढं म्हणाले, "जिभेचं फळ असतंय, बाबा. पोथी चालू असताना मधी बोलायची."

मी कोपऱ्यात बसले होते. मांडीवर आमच्या शेळीचं करडू होतं. त्याच्या नाकाला आणि पुढच्या पायाला पीठ लागलं होतं.

मी ते पाहिलं. आणि फ्रॉकनं पुसून टाकलं.

करडाला मारतील म्हणून पुसलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. महाराज बोलून गेले होते. मायनं त्यांच्यापुढं तोंड उघडल्यावर काय झालं, ते मी पाहिलं होतं.

शाळेत मला "डुकरिणीची" म्हणू लागले. ते मी सोसलं. अण्णांचं बघवायचं नाही. संध्याकाळी आपल्या ताटातली अर्धी भाकरी घेऊन ते गावाबाहेर उकिरड्याकडे जायचे. डुकरं गोळा व्हायची. एक कानतुटकी काळी होती, तिला जास्त घालायचे. ती मेल्यावर तिच्या पिलांना. परत येताना पारावरून हाक यायची, "काय रे, जेवली का बायको?"

अण्णा मान खाली घालून म्हणायचे, "हाव. जेवली."

नऊ वर्षं. जितकी वर्षं गेली, तितकं करडाचं सांगणं अवघड होत गेलं.

बारावीनंतर मी नांदेडला आले. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी. एका रात्री मेल्यावर माणूस कुठं जातो, यावर बोलणं निघालं. निलंग्याची एक लिंगायत मुलगी आहे. ती म्हणाली, "आमच्यात माणूस लिंगैक्य होतंय. मग परत यायचं न्हाई, जायचं न्हाई." देगलूरची एक मुसलमान आहे. ती म्हणाली, "आमच्यात कयामतीपर्यंत कबरीतच. निवाडा अल्लाचा. मधी कुणी बोलायचं न्हाई." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, माझी माय वारली. डुकरिणीचं सांगितलं नाही. या दोघींच्या घरी माय गेली असती, तर तिला डुकरीण कुणी म्हणू शकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गरुडपुराण मागितलं. दोन प्रती निघाल्या. एकीत अध्याय कमी, दुसरीत जास्त. एकीतलं दुसरीत सापडत नव्हतं. मी ओळीवर बोट ठेवून फक्त पीठ शोधत राहिले. गाय होती, नदी होती. पीठ दोन्हीत नव्हतं. टोपलं नव्हतं.

तिथंच बसल्या बसल्या मला पाटलांच्या घरी पीठ चाळलं होतं ती खोली आठवली. खाली फरशी. दाराला कडी. तिथं उंदीर शिरत नाही, करडू शिरत नाही. पिठावर काय उमटणार? आमच्या पत्र्याखाली सगळंच शिरतं.

दिवाळीला गावी गेले, ती आधी महाराजांकडे. पाया पडले नाही.

"महाराज, पिठाचं कुठल्या अध्यायात हाय?"

"चार बुकं शिकलीस म्हणून पोथी तपासायलीस? मायवरच गेलीस."

"हाव. मायवरच गेले. तिनं इचारलं होतं त्याचं उत्तर राहिलंय तुमचं."

ते आत निघून गेले. मी घरी आले आणि अण्णांना सगळं सांगितलं. पोथीचं, करडाचं, फ्रॉकचं. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

उकिरड्याकडे निघालेले अण्णा हातातल्या भाकरीकडे बघत राहिले.

"मग नऊ वर्षं मी कुणाला जेवू घातलं, बाई?"

त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

"मग ती कुठाय?"

"मला माहीत न्हाई, अण्णा."

त्या संध्याकाळी ते उकिरड्याकडे गेले नाहीत. भाकरी त्यांनी स्वतःही खाल्ली नाही. महाराजांनी माझ्या मायला डुकरीण केली. मी तीही अण्णांपासून काढून घेतली.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. आज दुपारी मेसमध्ये ताट घेऊन उभी असताना चुलत्यांचा फोन आला.

"अण्णा गेले, बाई. सकाळी उकिरड्याच्या वाटंवर पडलेले दिसले. हातात भाकरी होती." मग म्हणाले, "महाराज आलेत. म्हणायलेत, पीठ चाळून ठेवा."

मी म्हणाले, "काका, पीठ चाळू नका. मी निघाले."

"अगं, पर अण्णा कुठं गेले ते कळायला नको का?"

कुठं गेले, मला माहीत नाही. महाराजांनाही माहीत नाही. हे मी आज आमच्या दारात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणणार आहे. आवाज खाली ठेवणार नाही.