हेमांगीचं ढेकूळ

कमलबाईच्या नातीनं घुबडाला ढेकूळ मारलं आणि मयतीला बसावं तशी सगळी गल्ली ओट्यांवर येऊन बसली.

धरणगावकडच्या त्या गावात पोराला नीट चालता यायच्या आधी सांगून ठेवतात, की घुबडाला ढेकूळ मारायचं नाही. मारलं तर ते चोचीत उचलून नेतं, रोज दगडावर घासतं, आणि ढेकूळ झिजेल तसं मारणारं पोर झिजतं. हेमांगीनं शाळेमागच्या निंबावर कपाशीच्या वावरातलं काळंभोर ढेकूळ भिरकावलं, पोरांनी गावभर बोंब ठोकली आणि पोरीनं भाकरीकडं बघणं सोडलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जीभ पाहिली, पोट दाबलं, म्हणाला, काही नाही. पण पोर दिवसभर स्वतःची मनगटं मापत बसायची.

समोरच्या ओट्यावरून थोरली जाऊ लताबाई म्हणाली, "कमल, पोर सुकी ऱ्हायनी. भगतले काळी कोंबडी दे, उतारा टाक."

"कोंबडी मनी, खाई भगत. मनी नात मात्र उपाशीच ना, अक्का?"

कमलबाई अशीच. नवरा गेल्यावर दिरांनी वावर मागितलं, तेव्हा तिनं बांधावर खाट टाकली आणि विळा उशाशी घेऊन पूर्ण हंगाम तिथंच काढला. वावर आजही तिचंच आहे, आणि बोलणंही तसंच.

तिनं नातीला निंबाखाली नेलं. ढेकूळ तिथंच पडलं होतं, कपाशीचं मूळ अडकलेलं.

"हाईच शे ना तुनं?"

"हाईच. पण त्यानी दुसरं उचली लिधं व्हई," हेमांगी पुटपुटली.

"मंग त्यालेच इचारसूत." कमलबाईनं ढेकूळ पदरात बांधलं.

चोपड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी जखमी शिकारी पक्षी ठेवायचं एक केंद्र होतं. रविवारी तिनं रुपचंदची रिक्षा ठरवली आणि गल्लीतली पोरं गोळा केली. लताबाई रिक्षाला आडवी आली.

"आमुश्या तोंडवर, आन पोरं घुबडना घर लई जास?"

"तुना नातू मांगे बठेल शे. उतरी ले त्याले."

मागं बसलेल्या स्वप्नीलनं दांडा दोन्ही हातांनी धरला. तो काही उतरला नाही.

केंद्रात घारी होत्या, शिकरे होते. टकलं गिधाड मान खाली घालून बसलेलं पाहून स्वप्नील ओरडला, "हाऊ ते आपला गल्लीना शालिग्राम नाना!" सगळी पोरं खिदळली, हेमांगी सोडून. पुढच्या पिंजऱ्यात पंख मोडलेलं घुबड होतं. पोरगी कमलबाईच्या लुगड्यामागं गेली.

कमलबाईनं पदराची गाठ सोडली. "दादा, हाई आत ठेव."

पक्षी सांभाळणारा कुंदन हसला. "बाई, त्यांना मांस लागतं."

"खावाले नही. घासाले."

कुंदननं लुगड्यामागच्या पोरीकडं पाहिलं. त्याचं हसू गेलं. त्यानं दार किलकिलं करून ढेकूळ आत सरकवलं. घुबडानं अख्खी मान फिरवून ते पाहिलं. हेमांगीची नखं आजीच्या हातात रुतली.

"घास!" कमलबाई कडाडली. "घास ना मेल्या! मी उभी शे आठे."

घुबड दोन पावलं सरकलं. मान लांबवली, चोच वासली आणि बदकन एक काळा गोळा ढेकळावरच ओकलं.

"ओकनं! ओकनं!" पोरं नाचली.

कुंदननं काडीनं गोळा फोडून दाखवला. केस, हाडं, उंदराचा एवढासा जबडा. "पचत नाही ते असं बाहेर टाकतं."

हेमांगी हळूच पुढं आली. वाकून बघत राहिली. घुबड डोळे मिटून पेंगायला लागलं होतं, ढेकळाकडं त्याची पाठ होती.

"आजी, त्याले काहीच याद नही व."

कमलबाईनं ढेकूळ परत मागून घेतलं. परतताना तापीच्या पुलावर स्वप्नीलच्या पुडीतले मुरमुरे कोण संपवतंय, ते तिनं पाहिलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर तिनं घमेलं काढलं, ओट्यावर सगळ्यांसमोर ढेकळावर पाणी ओतलं आणि हातानं चुरून शेणात कालवलं. लताबाई धावत आली.

"कमल! पोर झिजी जाई व!"

"झिजनं, अक्का. बठ्ठं झिजी गयं. आते पोरकडे देख."

त्या चिखलानं तिनं अंगणातली चूल लिंपली आणि तशीच ओली पेटवली. पहिली भाकर तव्यावरून उतरते न उतरते, तोच हेमांगीनं तिचा पापुद्रा सोलला, बोटं फुंकली आणि तोंडात कोंबला.

ओल्या चुलीचा धूर लताबाईच्या ओट्याकडं निघाला. कमलबाईनं फुंकणी उचलली आणि आणखी जोरात फुंकली.