मालिनीबाईंचा 'हौ'

रिटायर माणसाकडे किस्से फार साठतात. ऑफिसचे संपले की ऑर्केस्ट्राचे सुरू होतात, आणि चहाच्या टपरीवर ऐकणारेही रिटायरच, त्यामुळे कोणाला घाई नसते. पण आमच्या त्या रोवणीच्या गाण्याचे किस्से मी आजवर अर्धेच सांगत आलो. लोक हसले की मी तिथेच थांबतो. आज पूर्ण सांगतो. आधीच सांगून ठेवतो, यातल्या एकाही किश्शात मी चांगला दिसत नाही.

गाणं तुम्ही ऐकलं असेलच. बालाघाटकडे मराठी घरातलं लग्न असलं की ते वाजतंच. ती चिखलात धान रोवतेय, तो बांधावर उभा राहून विचारतोय, ती दोन कडवी त्याला टोलवते आणि तिसऱ्याच्या शेवटी एक लांब 'हौ' म्हणते, म्हणजे आमच्याकडचं 'हो'. त्या 'हौ'वर मांडवात शिट्ट्या पडतात!

बांधावरचा तो म्हणजे मी. चिखलातली ती म्हणजे, कॅसेटवर छापल्याप्रमाणे, 'कु. मालिनी'. आणि खरी ती म्हणजे आमचे पेटीवाले दिवाकरभाऊ. आवक-जावकचे बाबू, आणि मिशी अशी की साहेबही आधी मिशीशी बोलायचे.

* * *

आमचा ऑर्केस्ट्रा सगळा सरकारी बाबूंचा. लोक 'बाबूलोगों का बाजा' म्हणायचे. गाणारी बाई आम्ही गोंदियाहून आणायचो. खैरलांजीच्या एका लग्नात तिची बस चुकली. वरात दारात, नवरीचे वडील फर्माइशीच्या चिठ्ठ्या घेऊन समोर उभे, आणि सगळ्या चिठ्ठ्या डुएटच्या!

दिवाकरभाऊ पेटीवरून मान न उचलता म्हणाले, "एक चादर बांधा बाजूले. बाईचं मी म्हणतो."

"तुम्ही?"

"घरी कोणी नसलं का म्हणतो ना मी."

चादर बांधली. तिच्यामागून जो आवाज आला तो ऐकून मी माझीच पुढची ओळ विसरलो.

कार्यक्रम संपल्यावर नवरीची आई ताटात खण-नारळ घेऊन आली. गाणाऱ्या बाईची ओटी भरल्याशिवाय त्या गावात तिला पाठवत नसत.

"बाई कोठी आहे?"

"बाई लय लाजाळू आहे काकू," मी म्हणालो. "माणसाइच्या देखत येत नाही."

काकूंनी ताट चादरीखालून आत सरकवलं आणि बाहेरूनच हात जोडले. आतून, अगदी त्याच गोड आवाजात, उत्तर आलं, "सुखी ऱ्हा माय!"

पुढे दर लग्नात हेच. सीझन संपता संपता सुलोचनावहिनींनी, म्हणजे दिवाकरभाऊंच्या बायकोने, मला गाठलं. "काहो भाऊजी, पेटी वाजवणाऱ्याले खण देतेत काय?"

मी म्हणालो, "मोठे लोक आहेत वहिनी. देतेत."

* * *

रोवणीचं गाणं आमचं स्वतःचं. पुरुषाची कडवी मी लिहिली. चंद्र, चांदणं, कमळ, जे सापडलं ते घातलं. दिवाकरभाऊंनी वाचलं.

"चांगलं आहे. पण रोवणीच्या दिवसात चंद्र दिसते कोठी? आभाळ असते ना."

मग बाईची कडवी त्यांनी लिहिली. कंबर दुखून राह्यली, हात चिखलाचे, पदर सावरता येत नाही, आणि तू कोरडा उभा राहून प्रेमाचं काय विचारतोस, आधी ती रोपांची पेंढी दे इकडे! चाल त्यांचीच. शेवटचा 'हौ'ही त्यांचाच.

माझा चंद्र मात्र त्यांनी काढला नाही. "राहू द्या," म्हणाले. "तो पोरगा शहरातला दिसते."

* * *

कॅसेट काढणारा दुकानदार हुशार होता. "भैया, प्यार का गाना और दोनों मर्द? कौन खरीदेगा?"

मालिनी हे नाव त्याने जागच्या जागी ठरवलं. कव्हरसाठी बाईचा फोटो हवा होता, तो फोटो स्टुडिओतून आणला. ती बाई कोण, हे स्टुडिओवाल्यालाही ठाऊक नव्हतं. फोटो फ्रेमसोबतच आला होता!

मग दुकानदाराने पेन उघडलं. गीत-संगीत, म्हणाला, आणि माझ्या एकट्याचं नाव लिहिलं. मी शेजारी उभा होतो. 'संगीत दिवाकरभाऊंचं आहे' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "थोडं मोठ्या अक्षरात घ्या."

दिवाकरभाऊंना कॅसेट दिली तेव्हा त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. आतला कागदसुद्धा काढून वाचला. मग कागद नीट घडीवर घडी घालून परत ठेवला आणि म्हणाले, "बाई चांगली निवडली."

* * *

रामपायलीकडचे एक पटवारी पेढे आणि पुतण्याची पत्रिका घेऊन थेट माझ्या ऑफिसात आले. मालिनीला मागणी घालायला! मुलीला विचारून कळवतो, म्हणालो.

नकाराचं पत्र दिवाकरभाऊंनी लिहिलं, आपल्या त्या सुरेख अक्षरात. 'आपलं घराणं मोठं आहे, पण मला गाण्याशिवाय काही येत नाही, आणि तेही मी लपून गाते.' पटवारी पुन्हा आले ते डोळे पुसतच. "सायेब, असं लिहिणारी सून आमच्या नशिबात नाही."

पेढे आम्ही दोघांनी खाल्ले. खूप हसलो. त्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावरही मी हसलो, याची आज लाज वाटते.

नंतर विचारणारे वाढले तसं मी मालिनीचं लग्न लावून टाकलं. तिला रायपूरला पाठवलं. कोणी रायपूरचा भेटला की बिलासपूरला बदली! एकदा तर तिला मुलगा झाल्याचंही मी सांगून बसलो.

* * *

हा किस्सा मी टपरीवर सांगत नाही.

हट्टा गावचं लग्न होतं, भर दुपारचं. वारं सुटलं आणि ऐन तिसऱ्या कडव्यात चादरीची दोरी सुटली. दिवाकरभाऊंना कळलंच नाही. डोळे मिटलेले, सूर लागलेला, आणि ती मिशी तो लांब 'हौ' म्हणत होती. सगळा मांडव बघत होता.

आधी एक जण हसला. मग सगळे. कोणी तरी ओरडलं, "अबे, हेच होय का मालिनी?"

दिवाकरभाऊंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. माईक माझ्या हातात होता.

मी पण हसलो. माईकवर म्हणालो, "मालिनीबाई आज बिमार आहेत, म्हणून आमचे भाऊ त्याइची नक्कल करून राह्यले! होऊन जाऊ द्या टाळ्या नकलेसाठी!"

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मला भीती एकच होती, की लोक म्हणतील, हा इतकी वर्षं मिशीवाल्या बाबूसोबत प्रेमगीत म्हणतो. म्हणून मी त्यांना त्यांच्याच आवाजाचा नकल्या करून टाकलं. ती भीती तेवढ्यापुरती होती. आता जी लाज वाटते ती काही जात नाही.

त्या दिवसानंतर दिवाकरभाऊ पेटी वाजवत राहिले, पण गायले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "गळा बसला."

* * *

आता मोबाइलमुळे गाणं पुन्हा चाललं आहे. त्या 'हौ'वर पोरी रील बनवतात. म्हणून गावातल्या हौशी मंडळींनी माझा सत्कार ठरवला. माझा!

आदल्या दिवशी मी दिवाकरभाऊंकडे गेलो. ते ओसरीवर वटाणे सोलत बसले होते.

"भाऊ, उद्या मी स्टेजवर सगळं सांगून टाकतो."

त्यांचा हात थांबला. "सांगा ना," म्हणाले. पुढची शेंग उचलून म्हणाले, "मंग हिलेही घेऊन येतो मी."

आले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी सुलोचनावहिनी, तिसरी रांग. वहिनींनी मालिनीच्या ओटीतल्या एका खणाचा ब्लाउज घातला होता, मी तो बरोबर ओळखला.

शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माईक माझ्या हातात दिला. "सर, सब पूछ रहे हैं, मालिनी मैडम कहाँ हैं?"

दिवाकरभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वहिनी ताठ बसल्या. समोर सगळ्यांचे मोबाइल वर झालेले. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, शपथेवर सांगतो.

"मालिनीबाई आता या जगात नाहीत," मी म्हणालो.

"अरेरे!" हॉलमधून एकच आवाज आला. ती मुलगी गडबडली, मग सावरून म्हणाली, "दो मिनट का मौन रखते हैं।"

सगळे उठले. दिवाकरभाऊही उठले. मान खाली घालून पूर्ण दोन मिनिटं उभे राहिले. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

आयोजकांनी कॅसेटचं कव्हर मोठं करून स्टेजवर लावलंच होतं. कोणाला तरी सुचलं, ऑर्केस्ट्रातले सगळ्यात जुने साथी म्हणून मालिनीबाईंच्या फोटोला हार दिवाकरजींनी घालावा.

ते हळूहळू पायऱ्या चढले. चपला खाली काढून आले होते. हार घातला, चेहरा झाकला जात होता म्हणून थोडा वर सरकवला. मग माझ्याजवळ आले आणि फोटोकडे बघत म्हणाले, "लय चांगली गात होती बिचारी."

माईक अजून माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "हौ."