गोऱ्या म्हसोबाचा कौल

आमच्या कवठे महांकाळकडच्या माळावर एक देव आहे, गोरा म्हसोबा. देव कसला, खरं सांगायचं तर माणूसच तो. मोठ्या लढाईच्या काळात इथं विमान पडलं. सासऱ्यांनी मेंढरं राखताना डोळ्यांनी बघितलं. सरकारी माणसं आली, आतल्या गोऱ्याला तिथंच पुरलं, नावाचा दगड रोवला आणि गेली. पुढच्या साली मेंढरांत रोग शिरला. सासूबाई म्हणाल्या, "परमुलखात उपाशी मेला. त्योच मागतोय." त्यांनी दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला. रोग थांबला म्हणतात. त्यांच्यामागं पन्नासेक वर्षं दर अमावस्येला तेल-शेंदूर मीच लावत आले. नाव मी कधी बघितलंच नाही.

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार एका बाईंना घेऊन आले. बाई साठीच्या, विलायतेच्या, उन्हानं लाललाल झालेल्या. त्यांचा मामा विमानासकट हरवलेला. आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. डोळे मिटायच्या आधी भावाला कुठं पुरलंय, एवढंच तिला कळायला हवं होतं.

"शेंदूर काढाय लागंल," सुभेदार म्हणाले.

माझे दीर उसळले. "देवाची खोळ सोलायची? उद्या मेंढरं मेली तर तुमी देणार व्हय?"

"आवं, फौजी हाय त्यो. आमच्यातला."

"असंल. पर तुमच्यागत रिटायर न्हाई झाला. आजून डुटीवर हाय."

सगळे हसले. काही न कळता बाईही हसल्या.

शेवटी कौल लावायचं ठरलं. आमच्यात ज्वारीचे दोन दाणे भिजवून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतात. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. दाणे लावायचा मान माझा. बाईंनी मधेच माझा हात धरला. एवढ्या उन्हात गार हात. मी उजवा दाणा पाण्यात बुडवल्यासारखं नुसतं केलं आणि कोरडाच टेकवला. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

उजवा पडला. दीर बाजूला सरले.

पहारीनं ठोकल्यावर बोटभर जाड खोळ कपच्या होऊन गळाली. खाली अक्षरं होती, शेंदूर भरलेली, काल कोरल्यासारखी. सुभेदारांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. बाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्या मातीतच बसल्या.

मामाचं नाव नव्हतं ते.

तिथूनच त्यांनी आईला फोन लावला. पलीकडून म्हातारीचा एकच शब्द आला, घाईघाईनं. बाई म्हणाल्या, "नो, मम्मी." तेवढं मलाही कळलं. मग कितीतरी वेळ फोन कुणी ठेवीना.

जाताना बाईंनी दगडावरचं ते परकं नाव वहीत उतरवून घेतलं.

दाणे माझ्या हातचे, म्हणून तेव्हापासून दीर माझ्या हातचा चहाही घेत नाहीत. दगड उघडाच आहे. शेंदूर घेऊन दोनदा गेले, पण नाव दिसतं, हात उचलत नाही. माझं ढोंग मधे आलं नसतं, तर देवानं नाहीच म्हटलं असतं का? त्याला विचारायची हिंमत नाही. अमावस्येला भाकरी ठेवते आणि मागं न बघता घरी येते.